कायद्यानंतरची त्र्याऐंशी वर्षं

जोतीराव फुल्यांचं ‘गुलामगिरी’ १८७३ साली छापून निघालं. पुस्तक त्यांनी अर्पण केलं ते अमेरिकेतल्या सज्जन लोकांना. तिथल्या काळ्या माणसांना दास्यातून सोडवण्यासाठी त्या लोकांनी झीज सोसली, आपल्या देशबांधवांनीही त्यांचा कित्ता गिरवावा, ही इच्छा त्या अर्पणपत्रिकेत आहे. त्या वर्षी आमचं अच्छाड, आजच्या तलासरी तालुक्यातलं गाव, त्याच मुंबई इलाख्यात, ठाणे जिल्ह्यात होतं. या अख्ख्या पट्ट्यात लग्नगडी ही चाल होती. वारली तरुण लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे आणि थोडं भात घ्यायचा. ते फिटेपर्यंत त्याच्याकडे राबायचं कबूल करायचा आणि कर्ज कधीच फिटायचं नाही. नवरा शेतावर, बायको सावकाराच्या अंगणात. हिशेब सावकाराच्या चोपडीत, आणि चोपडी वाचता येणारा माणूस एकच, तो स्वतः सावकार.

मी तलासरी तालुक्यात इतिहास शिकवला. अमेरिकन यादवी युद्ध आणि लिंकन यांचा भाग दोन-तीन तासांत उरकतात. १८६५ साली तेरावी घटनादुरुस्ती झाली, गुलामगिरी संपली, पुढचा धडा. मला तो असा उरकता यायचा नाही. समोर बसलेल्या मुलांचे आजे-पणजे १९४५ पर्यंत लग्नगडी होते. गुलामगिरी कोणत्या साली संपली हा प्रश्न त्यांच्या घरातला होता.

आता आपल्याकडचे कायदे पाहा. गुलामाच्या मालकीला कोर्टाने मान्यता देऊ नये, असा कंपनी सरकारचा कायदा १८४३ साली झाला. भारतीय दंडसंहिता १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. तिच्या ३७४व्या कलमानुसार कोणाकडून बेकायदा, जबरदस्तीने मजुरी करून घेतली तर एक वर्षापर्यंत कैद. म्हणजे अमेरिकेच्या तीन वर्षं आधी आमच्या भागात वेठबिगार हा गुन्हा ठरला होता. फौजदार होता, कोर्ट होतं, कलम होतं. तरीही वेठ चालू राहिली ती १९४५ पर्यंत. त्र्याऐंशी वर्षं.

असं का झालं, हे कळायला पुन्हा अमेरिकेकडे वळावं लागतं. १८६५च्या जानेवारीत जनरल शर्मनने दक्षिणेच्या किनाऱ्यावरची जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांना चाळीस-चाळीस एकर देण्याचा हुकूम काढला. लिंकनचा खून झाला, अँड्र्यू जॉन्सन अध्यक्ष झाला, आणि त्याच वर्षात ती बहुतेक जमीन जुन्या मळेवाल्यांना परत गेली. मोकळ्या झालेल्या माणसाकडे जमीन नाही, बैल नाही, बियाणं नाही. तो त्याच मळ्यावर बटाईने कापूस पिकवू लागला. बियाणं आणि पीठमीठ दुकानदाराकडून उधार, पीक आधीच गहाण, हंगामाच्या शेवटी हिशेब मालक करणार. काम नसलेल्या काळ्या माणसाला भटका ठरवून तुरुंगात टाकायचं आणि कैदी म्हणून खाणींना, मळ्यांना भाड्याने द्यायचं, हेही सुरू झालं. त्याला वाट घटनादुरुस्तीतच होती: गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तमजुरी चालेल, असा अपवाद तिच्यात होता. कर्जापोटी माणूस राबवण्याला मनाई करणारा कायदा १८६७ साली झाला, आणि तो मोडून कर्जाची वेठ विसाव्या शतकातही चालू राहिली. तिथलं उधारीचं खातं आणि इथली सावकाराची चोपडी ही एकाच जातीची वही आहे.

त्या युद्धाचा आमच्या जंगलाशीही संबंध आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेचा कापूस बंद पडला, इंग्लंडच्या गिरण्यांना हिंदुस्थानचा कापूस लागला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. १८६५ साली तो फुगा फुटला, पण शहराची वाढ थांबली नाही. गिरण्या आल्या, वस्ती वाढली, तबेले वाढले. मुंबईला इमारती लाकूड हवं होतं, जळण आणि कोळसा हवा होता, जनावरांना गवत हवं होतं. बी.बी.सी.आय. रेल्वे १८६४च्या नोव्हेंबरात मुंबईपर्यंत जोडली गेली. डहाणू, घोलवड, संजाण, भिलाड ही स्टेशनं त्याच लायनीवरची. अच्छाडच्या आसपासचं गवत आणि लाकूड आता थेट मुंबईच्या बाजारात पोचू लागलं. त्याच १८६४ साली हिंदुस्थान सरकारचं जंगल खातं उभं राहिलं आणि १८७८च्या कायद्याने राखीव जंगलं आखली गेली.

जंगलाला भाव आला तसा जंगलातला माणूस चोर ठरला. आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या आधी जमिनीवर टहाळ आणि पालापाचोळा पसरून जाळतात, त्याला राब म्हणतात. राबासाठी फांद्या तोडणं हा आता परवानगीचा विषय झाला. ठाणे जिल्ह्यातून तक्रारी इतक्या झाल्या की १८८५ साली सरकारला मुंबई इलाख्याचं जंगल कमिशन नेमावं लागलं, आणि राबाचा प्रश्न त्याच्यापुढे महत्त्वाचा होता. मोहाची फुलं वेचण्या-साठवण्यावर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी १८९२ साली वेगळा कायदा झाला. ज्या झाडांवर कोरड्या दिवसांत घर चालायचं, ती एकेक करून हातची गेली. उरली थोडी भातजमीन आणि वरकस. जमाबंदीत तिला खातेदाराचं नाव लागलं, सारा रोखीत ठरला. नावावर आलेली जमीन गहाण टाकता येते आणि जप्तही होते. सारा भरायला कर्ज, कर्जापोटी जमीन, जमिनीच्या मागोमाग माणूस. असा तो उतार होता. दोन पिढ्यांत वारली आपल्याच शेतावर सावकाराचं कूळ झाले.

त्या वर्षांत एक मराठी स्त्री अमेरिकेत होती. आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी पंडिता रमाबाई १८८६ साली फिलाडेल्फियाला गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षं तो देश हिंडल्या. त्यांचं ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ १८८९ साली प्रसिद्ध झालं. तिथल्या बायकांच्या संस्था आणि शाळा यांनी त्या भारावल्या होत्या. तरी त्या देशाचे मूळ रहिवासी आणि त्यांच्यावर झालेला अन्याय त्यांच्या नजरेतून सुटला नाही.

रमाबाई तिथे असतानाच, १८८७च्या फेब्रुवारीत, डॉज कायदा झाला. मूळ रहिवाशांची सामाईक जमीन तोडून कुटुंबप्रमुखाला १६० एकर द्यायची, उरलेली गोऱ्या वसाहतवाल्यांना खुली करायची, असा तो कायदा. त्याच्या बाजूने बोलणारे पुष्कळ जण स्वतःला त्या लोकांचे मित्र समजत आणि मनापासून समजत. स्वतःची जमीन मिळाली की हे लोक सुधारतील, असं त्यांना वाटे. परिणाम आकड्यांत आहे. १८८७ साली त्या लोकांकडे सुमारे १३ कोटी ८० लाख एकर जमीन होती, १९३४ साली सुमारे ४ कोटी ८० लाख उरली. ज्यांची जमीन, त्यांना कोणी विचारलं नव्हतं. ठाण्याची जमाबंदी आणि डॉज कायदा यांची गावं दोन, पण रस्ता एकच.

त्याच वर्षांत विचारल्याशिवाय बोलणारी माणसंही उभी राहत होती. १ मे १८८६ रोजी आठ तासांच्या दिवसासाठी अमेरिकेतल्या लाखो कामगारांनी संप केला. तीन दिवसांनी शिकागोत हेमार्केटच्या सभेत बॉम्ब पडला आणि पुढच्या वर्षी चार कामगार पुढारी फासावर गेले. इकडे ठाण्यात जन्मलेले, जोतीरावांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे १८८४पासून मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र आणत होते. १८९०च्या जूनमध्ये त्यांनी कामगारांसाठी रविवारची सुट्टी मिळवली. आपल्या जुन्या जिल्ह्याचा हा मोठा वारसा आहे. पण लोखंड्यांच्या मुंबईपासून रेल्वेने काही तासांवर, त्याच जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, वारल्याला रविवार नव्हता, मजुरी नव्हती आणि संघटनाही नव्हती. ती पोचायला आणखी पंचावन्न वर्षं लागली.

मधल्या काळात सरकारला काही ठाऊक नव्हतं, असं म्हणता येत नाही. आदिवासींची स्थिती तपासायला नेमलेल्या डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याने १९३०च्या दशकाच्या अखेरीस अहवाल दिला. वेठ, मारहाण, लग्नगडी, गेलेल्या जमिनी हे सगळं त्यात आहे. अहवाल छापला गेला आणि चाल तशीच राहिली.

मग १९४५ उजाडलं. जानेवारीत टिटवाळ्याला महाराष्ट्र किसान सभेचं पहिलं अधिवेशन भरलं. उंबरगाव तालुक्यातून काही वारली तिथे गेले. आपली गाऱ्हाणी त्यांनी तिथे स्वतःच्या तोंडाने मांडली. त्यानंतर किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर या भागात आले. गोदूताई वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या, पुण्यात वाढलेल्या. त्या पाड्यांवर राहिल्या, तिथलंच खाल्लं, तिथली बोली कानात साठवली. २३ मे १९४५ रोजी आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावी परिषद भरली, हजारो लोक आले. ठराव अगदी साधे होते. वेठ करायची नाही. रोख बारा आणे रोज मिळाल्याशिवाय सावकाराच्या खाजगी शेतावर जायचं नाही. कोणी मारायला आला तर सगळ्यांनी मिळून अडवायचं. एकी सोडायची नाही. यातला एकही ठराव सरकारकडे अर्ज करणारा नव्हता. लोकांनी आपापसांत ठरवलं आणि पाळलं. लाल बावटा घेऊन टोळ्या गावोगाव गेल्या आणि लग्नगड्यांना बाहेर बोलावलं. ३७४व्या कलमाला त्र्याऐंशी वर्षांत जे साधलं नाही, ते काही आठवड्यांत झालं.

त्याची किंमत द्यावी लागली. पावसाळा संपता संपता गवतकापणीचा संप झाला. पाचशे रत्तल गवत कापायला अडीच रुपये, ही मागणी होती. गोदूताईंची सभा आहे असा खोटा निरोप फिरवून १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला लोक जमवले गेले, अशी परुळेकरांची नोंद आहे. जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पाच जण मेले, त्यांत पहिले जेठ्या गांगड. लोक मागे हटले नाहीत. १९४६ साली जंगलकामाला सव्वा रुपया रोज मागून पुन्हा संप झाला आणि शेवटी ठेकेदारांना तडजोड करावी लागली. गोदूताईंनी हे सगळं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिलं. त्याला १९७२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तालुक्यातल्या प्रत्येक शाळेत ते वाचून दाखवलं गेलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले. उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला, उरलेल्या गावांचा पुढे तलासरी तालुका झाला. अच्छाड हद्दीवरचं गाव बनलं. महामार्गावर नाका आला, ट्रकांच्या रांगा आल्या. हद्दीच्या दोन्ही बाजूंना कारखान्यांच्या शेड आल्या. लग्नगड्यांची पतवंडं आता सकाळी उंबरगाव, सरीगाम, वापीच्या पाळीला जातात. ज्यांना वेतनाची पावती मिळते, भविष्यनिधी कापला जातो, त्यांचं बरं चाललं आहे. ज्यांचं नाव फक्त ठेकेदाराच्या वहीत आहे, त्यांना किती दिवस भरले आणि किती उचल कापली, हे ठेकेदार सांगेल तेच खरं मानावं लागतं. वही कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न अजून तोच आहे.

वनहक्क कायदा २००६ साली झाला. त्यात कसणाऱ्याचा वैयक्तिक हक्क आहे आणि गावाचा सामूहिक हक्कही आहे. २०१८च्या मार्चमध्ये हजारो शेतकरी आणि आदिवासी नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेले, तेव्हा या कायद्याची अंमलबजावणी ही त्यांची एक मुख्य मागणी होती. माझं सांगणं एवढंच आहे की वैयक्तिक पट्ट्यावर थांबू नका. नुसत्या सुट्या तुकड्यांचं काय होतं, हे डॉज कायद्याने दाखवलं आणि आमच्या जमाबंदीनेही दाखवलं. सामूहिक हक्काचा दावा ग्रामसभेतून करा, त्याचा नकाशा गावानेच काढा, आणि कंपनीत जाणाऱ्या प्रत्येक मुलाने वेतनाची पावती मागावी. कायदे चांगले आहेत, १८६२चंही कलम चांगलंच होतं. त्यात जीव आला तो झरीला लोकांनी मजुरीचा दर स्वतः ठरवला तेव्हा.