बूट हा पोशाख, जोडा मात्र दाराबाहेर

कल्याण हे डॉ. आनंदीबाई जोशी यांचं माहेर. 1883 मध्ये अमेरिकेला निघण्याआधी बंगालमधल्या श्रीरामपूरला त्यांनी भाषण केलं. मुंबईत शाळेत जाताना लोक भोवती जमत, हसत, खडे मारत, हे त्यांनी त्या सभेत सांगितलं. राग केवळ शिकण्याचा नव्हता. लेखिका काशीबाई कानिटकर आणि आनंदीबाई बूट घालून, छत्री घेऊन रस्त्यानं चालल्या म्हणून त्यांच्यावर दगड भिरकावले गेले, असं राधा कुमार यांनी ‘द हिस्टरी ऑफ डुइंग’ या पुस्तकात नोंदवलं आहे. नऊवारी हा बाईचा पोशाख खरा, पण तो घोट्यापाशी संपायचा. त्याखाली बूट आला की ती पुरुषाची मिरास ठरे.

पादत्राणांना वस्त्र म्हणायचं की नाही, हा वाद वरवर पाहता कापडाचा आणि चामड्याचा वाटतो. आपल्याकडे मात्र तो घालणारा कोण आणि ठरवणारा कोण, यावरच सुटत आला आहे.

इंग्रजी अमलात तर तो सरकारदरबारी गेला. मान देताना इंग्रज टोपी काढी. आपल्याकडे पगडी डोक्यावरच राही आणि जोडा उंबऱ्याबाहेर. ईस्ट इंडिया कंपनीच्या साहेबांना ही रीत सोयीची वाटली, कारण हिंदी माणूस अनवाणी समोर येई आणि साहेब बुटासकट बसून राही. पुढे शिकलेले हिंदी लोक विलायती बूट-मोजे घालू लागले, तेव्हा पंचाईत झाली. गव्हर्नर जनरल डलहौसीच्या कारकिर्दीत, 1854 मध्ये, तोडगा निघाला: युरोपीय धाटणीचे बूट असतील तर सरकारी प्रसंगी ते पायात ठेवता येतील. देशी जोडा मात्र काढायचाच. म्हणजे एकाच माणसाच्या पायातलं चामडं विलायती शिलाईचं असलं तर ते पोशाखाचा भाग, देशी असलं तर बाहेर ठेवायची वस्तू! तरीही वाद मिटला नाही. मुंबई इलाख्यातल्याच सुरतेच्या अदालतीत 1862 मध्ये माणकजी कावसजी एंटी या पारशी असेसरानं, म्हणजे न्यायाधीशाच्या सल्लागारानं, बूट काढायला नकार दिला आणि हा प्रश्न देशभर गाजला.

गावात निवाड्यासाठी अदालत लागत नसे. वरच्या आळीतून जाताना दलितानं वहाण हातात घ्यायची, हा दंडक होता. ती वहाण घडवणारे हातही गावकुसाबाहेरचेच. कोल्हापुरी चपलेसाठी ढोर समाज बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडं कमावतो, चर्मकार ते शिवतात आणि वेण्या बहुधा घरातल्या बायका गुंफतात. इतक्या हातांचं कसब ज्या वस्तूत आहे, ती नेसूच्या वस्त्राहून हलकी मानली गेली, ही गोष्ट मनाला लागते.

कागदावर ही उतरंड मोडली 2019 मध्ये. महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावे कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि सीमेपलीकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात आले. नोंदणी झाली ती 25 व्या वर्गात. आंतरराष्ट्रीय वर्गवारीत कपडे, पादत्राणे आणि शिरोवस्त्रे या वर्गात एकत्र बसतात. महागाईचा निर्देशांक काढतानाही ‘कपडे आणि पादत्राणे’ हा एकच गट असतो. जकातीचं आणि जीएसटीचं खातं मात्र निराळं: कपडे 61 आणि 62 व्या प्रकरणात, चपला 64 व्या.

या दुहीचा फटका थेट बिलावर बसला. 1000 रुपयांपर्यंतचे कपडे आणि चपला, दोन्हींवर 5 टक्के जीएसटी होता. 1 जानेवारी 2022 पासून तो दोन्हींवर 12 टक्के होणार होता. 31 डिसेंबर 2021 ला जीएसटी परिषदेची बैठक झाली आणि कापडावरची वाढ टळली. चपलांवरची टळली नाही. पुढची जवळजवळ पावणेचार वर्षं डोंबिवली-कल्याणच्या बाजारात 900 रुपयांच्या शर्टावर 5 आणि 900 रुपयांच्या कोल्हापुरीवर 12 टक्के कर लागत राहिला. 22 सप्टेंबर 2025 पासून 2500 रुपयांपर्यंत दोन्हींना पुन्हा 5 टक्क्यांचा एकच दर लागू झाला. बाजारातल्या बहुतेक साध्या कोल्हापुरी या मर्यादेत बसतात.