हिम, मीठ आणि मोटारीची जिल्हई

थंड मुलखात हिवाळ्याच्या सकाळी मोटारीवर साचलेले हिम काढणे हे काम इतके क्षुल्लक आहे की त्यालाही काही इतिहास असेल, असे सहसा कोणाच्या मनात येणार नाही. हिम काढताना रंगावर ओरखडे उठतात ही तक्रार मात्र डेट्रॉइटपासून टोरांटोपर्यंत दर हिवाळ्यात ऐकू येते, आणि दोष अर्थातच हिमाच्या माथी मारला जातो. हा आरोप बव्हंशी खोटा आहे, असे आम्हांस येथे दाखवावयाचे आहे. रंग लावण्याची घाई, रस्ते मोकळे करण्याची घाई आणि सकाळी कामावर निघण्याची घाई, या तिन्हींच्या संयोगाने हा ओरखडा जन्मास आला. आणि त्यावरील उपाय मात्र खुद्द मोटारीहूनही जुना आहे.

मोटार येण्यापूर्वी युरोप-अमेरिकेतील श्रीमंतांच्या बग्ग्या ज्या रीतीने रंगविल्या जात, तीच रीत पहिल्या मोटारींच्या वाट्यास आली. सफेता आणि जवसाचे तेल यांचे थरावर थर द्यावयाचे, प्रत्येक थर वाळू द्यावयाचा, झाव्याच्या दगडाच्या पुडीने तो घासून सपाट करावयाचा, आणि शेवटी रोगणाचे हात देऊन जिल्हई आणावयाची, असा तो क्रम होता. एक गाडी रंगवून होण्यास कित्येक आठवडे लागत. इतक्या कष्टाने आलेली चकाकी राखण्याचा नियमही तितकाच कडक असे. चिखल गाडीवर वाळू देऊ नये. वाळलाच तर तो कोरडा पुसू नये. भरपूर पाणी सोडून कण आधी वाहून जाऊ द्यावेत, मग मऊ स्पंज फिरवावा, आणि शेवटी कमावलेल्या मऊ कातड्याने पाणी टिपून घ्यावे. रोगणाचा वैरी चिखल नसून चिखलातील खडा आहे, हे त्या काळच्या मोतद्दारास पक्के ठाऊक होते.

पुढे कारखान्यांस हा विलंब परवडेनासा झाला. हेन्री फोर्ड याने १९१३ साली हायलंड पार्क येथे मोटारी जुळविण्याचा चालता पट्टा सुरू केला आणि १९१४ पासून १९२५ पर्यंत आपली प्रसिद्ध ‘मॉडेल टी’ गाडी केवळ काळ्या रंगात विकली. भट्टीत भाजून लवकर वाळणारा काळा रंग स्वस्त होता व टिकाऊही होता. रंगांचे वैविध्य आणि वेग यांची सांगड घातली ती ड्यूपाँ कंपनीच्या ‘ड्यूको’ नामक लॅकरने. नायट्रोसेल्युलोजपासून केलेले हे लॅकर पिचकारीने फवारले की थोड्याच वेळात वाळे. जनरल मोटर्सने १९२३ साली ते प्रथम आपल्या ओकलंड गाडीवर वापरले, आणि आठवड्यांचे काम तासांवर आले. नव्या लेपाची चमक मात्र घासून व पॉलिश करूनच उठून दिसे. त्यामुळे मोटार पुसणे व चमकाविणे हा मालकाच्या हौसेचा भाग होऊन बसला.

येथवर हिमाचा संबंध आला नाही, यास कारण आहे. आरंभीच्या मोटारी उघड्या असत. हिवाळा लागला की उत्तर अमेरिकेतील पुष्कळसे मालक गाडी ठोकळ्यांवर चढवून वसंतापर्यंत झाकून ठेवीत. न्यू इंग्लंडसारख्या भागात रस्त्यांवरील हिम काढून टाकण्याऐवजी मोठे रूळ फिरवून दाबून टाकीत, कारण त्यावरून घसरगाड्या चालावयाच्या असत. जे हिवाळ्यातही गाडी हाकीत, त्यांची पहिली अडचण रंगाची नव्हती, दृष्टीची होती. न्यू यॉर्कच्या बर्फाळ हवेत ट्रामच्या चालकास पुढचे दिसत नाही, हे पाहून अलाबामाच्या मेरी अँडरसन या बाईंनी आतून दांडी फिरवून काच पुसण्याची युक्ती काढली व १९०३ साली तिचे पेटंट मिळविले. दिसणे आधी आणि शोभा मागून, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

अमेरिकेत १९१९ साली दर दहा मोटारींत बंद सांगाड्याची जेमतेम एक असे. १९२७ साली हे प्रमाण शेकडा पंचाऐंशीवर गेले. बंद गाडी म्हणजे बाराही महिने चालणारी गाडी. तरीही तिच्या टपाचा मधला भाग बहुधा मेणकापडासारख्या कापडाचाच असे. जनरल मोटर्सने १९३५ च्या आपल्या गाड्यांना एकसंध पोलादी टप दिला, इतरांनी त्याचे अनुकरण केले, आणि तेव्हापासून आकाशाकडे तोंड करून पडलेले रंगीत पोलादाचे विस्तीर्ण पटांगण हिमाच्या स्वाधीन झाले. रंगीत टपावरून हिम खरवडण्याचा प्रश्न म्हणूनच वाटतो त्यापेक्षा तरुण आहे.

त्यात भर पडली मिठाची. बर्फावर मीठ टाकले असता ते शून्य अंशाखालीही वितळते, हे ज्ञान जुने. परंतु राज्यभर सर्रास मीठ पसरण्याचे धोरण न्यू हॅम्पशरने १९४१ च्या सुमारास प्रथम स्वीकारले, असे मानतात. महायुद्धानंतर हमरस्ते वाढले, वाहतूक एक दिवसही थांबू नये अशी अपेक्षा रूढ झाली, आणि आज अमेरिकेत दरसाल सुमारे दोन कोटी टन मीठ रस्त्यांवर पडते. ज्या डेट्रॉइट शहराने जगास मोटारी दिल्या, त्याच्याच पोटात हजार फुटांहून अधिक खोल मिठाची प्रचंड खाण आहे, आणि तेथील मीठ त्याच मोटारींच्या वाटेवर पसरले जाते! मिठाबरोबर कित्येक ठिकाणी वाळू व बारीक खडीही टाकतात. चाकांनी उडविलेली ही रेव गाडीवर चिकटते आणि तिच्यावर रात्री हिम पडते. सकाळी शुभ्र दिसणारे ते आवरण तळाशी मळलेले असते.

खनिजांचे काठिण्य मोजण्याची दहा पायऱ्यांची जी पट्टी फ्रीडरिश मोस याने १८१२ साली ठरविली, तीवर वितळण्याच्या बेतास आलेले बर्फ दीडच्या आसपास येते. आपले नखसुद्धा त्याहून कठीण असते. कडाक्याच्या थंडीत बर्फ अधिक कठीण होते हे खरे; पण वाळूतील गारगोटीचा कण त्याच पट्टीवर सातावर असतो. ब्रश दाबून टपावरून ओढला की हा कण रंगावर नांगरासारखा चालतो. गेल्या शतकाच्या नवव्या दशकापासून रंगावर पारदर्शक लेप देण्याची पद्धत सार्वत्रिक झाली. हा लेप साधारणतः चाळीस-पन्नास मायक्रॉन, म्हणजे केसापेक्षाही पातळ असतो. त्यावरील सूक्ष्म रेघा सावलीत दिसत नाहीत. ऊन पडले की कोळ्याच्या जाळ्यासारख्या चमकू लागतात.

जाणते लोक म्हणूनच हिम घाशीत नाहीत, ढकलतात. दांड्याला फोमचा जाड ठोकळा लावलेले साधन किंवा मऊ केसांचा ब्रश घेऊन टपापासून आरंभ करावा, वरचा थर मधून कडेकडे लोटावा आणि तळाशी बोटभर थर राहू द्यावा. तो थर रंगाची ढालच होय. गाडीच्या उबेने तो सुटला म्हणजे अलगद सरकवावा. प्लॅस्टिकची खरवडणी केवळ काचेसाठी असते. ती किंवा फावडे पत्र्यास लावू नये. केरसुणी आणि जमिनीवर पडलेला ब्रश हेही वर्ज्य समजावेत. काचेवर कढत पाणी ओतल्यास ती तडकण्याचे भय असते. आणि इंजिन सुरू करण्यापूर्वी धुराड्याची नळी हिमाने बुजलेली नाही ना, हे अवश्य पाहावे. बुजलेल्या नळीमुळे कार्बन मोनॉक्साइड आत शिरून गाडीत बसलेली माणसे दगावली आहेत.

रंगाची काळजी करणारा मनुष्य कधी कधी दुसऱ्या टोकास जातो. चरे नकोत म्हणून तो काचेपुरती भोके पाडतो आणि टपावरचे हिम तसेच घेऊन निघतो. नव्या, भुरभुरीत हिमाचे वजन घनमीटरास पन्नास ते शंभर किलो भरते, ओल्याचे त्याच्या कितीतरी पट. टपावर वीतभर हिम असेल तर अर्ध्या माणसाचे ओझे सहज होते. ते गोठून त्याची लादी झाली आणि भरवेगात सुटून मागच्या गाडीच्या काचेवर आदळली, तर जीव जाऊ शकतो. न्यू जर्सीत, जेथे मराठी कुटुंबांची वस्ती आता मोठी आहे, निघण्यापूर्वी बॉनेट, काचा व टप यांवरील हिम-बर्फ काढण्याचे कर्तव्य २०१० पासून कायद्यानेच चालकावर घातले आहे. चरा आपल्या गाडीचा, संकट परक्याचे. यांत निवड करण्याची पाळी आलीच, तर ती कशी करावी हे सांगावयास नको. सुदैवाने दहा मिनिटे लवकर उठणाऱ्यावर ती पाळी सहसा येत नाही.

आपल्या मुंबई-पुण्यास हिम पडत नाही म्हणून हा विषय आपल्याला परका आहे, असे मात्र नव्हे. रात्रभर गाडीवर बसलेली धूळ सकाळी कोरड्या फडक्याने झटकून पुसणे, किंवा एकाच बादलीच्या गढूळ पाण्यात फडके पिळून दहा गाड्या उरकणे, हा आपल्याकडील नित्याचा प्रकार आहे. तेथे जो कण हिमाखाली दडून असतो तो येथे उघड्यावर पडलेला असतो, एवढाच काय तो भेद. बग्गीच्या मोतद्दाराचा नियम दोन्हीकडे सारखाच लागू पडतो: आधी कण जाऊ द्यावा, मग हात लावावा. पाण्याची टंचाई असेल त्या दिवशी गाडीवरची धूळ तशीच राहू दिली, तरी कोरड्या फडक्यापेक्षा ती रंगाचे कमीच नुकसान करील.