मुकुट, मळसूत्र आणि कळंक

दुसऱ्या महायुद्धातल्या पोलिश सैनिकाच्या टोपीवरचा गरुड हाती आला, की आधी त्याच्या डोक्याकडे बघायचं. मुकुट आहे का?

असेल, तर तो बहुधा १९१९च्या नमुन्याच्या वंशावळीतला. पंख पसरलेले, पंजांखाली अर्धचंद्रासारखी ढाल. नौदलाचा असेल तर ढालीवर नांगर. १९३९च्या सप्टेंबरात जर्मनी आणि सोव्हिएत संघाने पोलंड गिळला. सरकार आधी फ्रान्समध्ये आणि मग ब्रिटनमध्ये गेलं, पण त्याच्या सैन्याने हाच गरुड कपाळावर ठेवला. मुकुट नसेल, तर माग सोव्हिएत भूमीकडे जाऊ शकतो. १९४३मध्ये मॉस्कोच्या पाठिंब्याने तिथे दुसरं पोलिश सैन्य उभं राहिलं. त्यांचा गरुड मध्ययुगातल्या प्यास्त राजघराण्याच्या गरुडावरून बेतला होता. तो इतका किडकिडीत दिसायचा, की सैनिकांनीच त्याला 'कुरित्सा' म्हणजे कोंबडी असं नाव पाडलं. युद्धानंतर पोलंडमध्ये सत्ता याच बाजूची आली आणि राष्ट्रचिन्हावरचा मुकुट गेला. तो परतला १९९०मध्ये. जेमतेम काही सेंटिमीटरच्या या धातूच्या तुकड्यावरून देश कुणाचा, हा वाद पन्नास वर्षं चालला.

मी हे गरुड गोळा करतो. संग्रह छोटा आहे, पण ओळख पटवण्याचा नाद मोठा आहे, कारण बाजारात नकला उदंड आहेत.

मुकुटानंतर बिल्ला उलटा करायचा. पत्र्यावर ठसा मारून केलेला असेल तर पाठ पोकळ असते आणि पुढची पिसं मागे उलटी उमटलेली दिसतात. ओतीव असेल तर पाठ भरीव, वाळूच्या साच्यामुळे जराशी खरखरीत. मग तो टोपीला कसा बसवायचा ते बघायचं. बऱ्याच पोलिश गरुडांना मागे मळसूत्राचा खिळा आणि गोल चकती असते. ब्रिटनमध्ये बनलेल्या काहींवर 'जे. आर. गॉन्ट, लंडन' असा उत्पादकाचा छाप सापडतो.

माझ्या अभियांत्रिकीच्या शिक्षणाचा इथे थोडा उपयोग होतो. वितळलेलं पितळ थंड होताना साधारण दीड टक्का आकसतं. अस्सल गरुडावरून साचा काढून नक्कल ओतली, तर चाळीस मिलिमीटरचा पंखविस्तार अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्तच कमी भरतो. व्हर्नियरवर ते पकडता येतं. पिसांच्या कडाही बोथटतात. आणखी एक पथ्य म्हणजे बिल्ला घासायचा नाही. आपल्याकडे पितळ दिसलं की चिंच लावायला हात शिवशिवतात, पण खाचांमधला कळंक आणि उंचवट्यांवरची झीज हाच तर पुरावा असतो.

ही सगळी मापं कारखान्यात बनलेल्या गरुडांना लागू पडतात. पण या युद्धातले सर्वांत मोलाचे गरुड कारखान्यात बनलेच नाहीत.

१९४१च्या जुलैमध्ये पोलिश सरकारचा मॉस्कोशी करार झाला आणि सोव्हिएत तुरुंगांतून, छावण्यांतून पोलिश लोक सुटू लागले. जनरल आंदेर्सच्या सैन्यात ते दाखल झाले, तेव्हा अनेकांच्या अंगावर छावणीतल्याच चिंध्या होत्या. बिल्ले कुठून येणार? त्यांनी खाद्यपदार्थांच्या रिकाम्या डब्यांचे पत्रे कापून गरुड केले. १९४२मध्ये हे सैन्य कास्पियन समुद्र ओलांडून इराणला गेलं. पुढे मध्यपूर्वेतल्या स्थानिक कारागिरांनी वाळूच्या साच्यात पितळेचे, ॲल्युमिनियमचे गरुड ओतले. याच सैन्यातून घडलेल्या दुसऱ्या कोअरने १८ मे १९४४ रोजी इटलीतल्या मोंते कासिनोच्या मठावर झेंडा लावला.

त्यांच्याबरोबर सुटलेल्या कुटुंबांपैकी काही हजार माणसं इराणमार्गे भारतात आली. कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात १९४३पासून १९४८पर्यंत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यात बायका-मुलंच जास्त, कारण पुरुष लष्करात होते. म्हणजे वळिवड्यात ज्यांच्या पत्रांची वाट बघितली जायची, त्यांच्यापैकी कित्येकांच्या टोपीवर हाच मुकुटवाला गरुड होता. माझी या विषयाशी ओळख वळिवड्याबद्दल वाचतानाच झाली.

आता अडचण अशी, की डब्याच्या पत्र्यातून कापलेल्या गरुडाला मूळ साचाच नाही, त्यामुळे मापायचं कशाशी? कात्री आणि जुना डबा असला की आजही तसा बनवता येतो. जो सर्वांत खरा, त्याचीच नक्कल सर्वांत सोपी. तिथे धातू बोलत नाही. तो कुणाच्या घरातून निघाला, सोबत कुठलं ओळखपत्र किंवा फोटो होता, एवढंच बोलतं. विकणारे नेमकी हीच साखळी तोडतात. कागद वेगळे विकतात, बिल्ला वेगळा.

माझ्याकडे एक ओतीव पितळी गरुड आहे. मुकुट शाबूत, पाठ खरखरीत, एका पंखावर कानशीच्या खुणा. त्याच्या चिठ्ठीवर मी लिहिलंय: 'मुकुटयुक्त, वाळूच्या साच्यातला, हाताने कानसलेला. मूळ मालक अज्ञात.' 'मोंते कासिनो' हे दोन शब्द जोडले तर किंमत कितीतरी वाढेल. पण त्या टेकडीवरच्या पोलिश दफनभूमीत हजाराहून अधिक सैनिक आहेत. त्यांच्यातल्या एकाची टोपी मी माझ्या मनाने या बिल्ल्याला कशी देणार?

चिठ्ठीवर 'अज्ञात'पुढे मी जागा कोरी ठेवली आहे. कधी एखादा फोटो सापडला, तर तिथे नाव लिहिता येईल.