इव्हान चौथा : खासगी दुःख, राजकीय दहशत आणि मृतांची यादी

रशियाचा पहिला राज्याभिषिक्त झार इव्हान चौथा (१५३०–१५८४) आपल्याकडे 'इव्हान द टेरिबल' या इंग्रजी नावानेच परिचित आहे. मूळ रशियन 'ग्रोझ्नी' या विशेषणात मात्र भयंकरपणापेक्षा धाक व दरारा हा अर्थ अधिक आहे. त्याच्या क्रौर्याची मीमांसा बहुधा त्याच्या खासगी दुःखांच्या आधारे केली जाते. या मीमांसेची मर्यादा तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

इव्हानचे बालपण दुःखद होते, यात शंका नाही. तीन वर्षांचा असताना पिता वासिली तिसरा वारला. १५३८ मध्ये आई एलेना ग्लिन्स्काया हिचाही मृत्यू झाला. शुइस्की व बेल्स्की या बोयार (सरदार) घराण्यांच्या सत्तास्पर्धेत हा बालराजा उपेक्षित राहिला. १५४३ मध्ये, अवघ्या तेराव्या वर्षी, त्याने आंद्रेई शुइस्कीला ठार करविले.

१५४७ मध्ये राज्याभिषेक आणि अनास्तासिया रोमानोव्हना हिच्याशी विवाह झाला. १५५० ची कायदेसंहिता, १५५२ मधील कझानचा विजय ही त्यानंतरच्या काळाची फलिते होत. १५६० मध्ये अनास्तासिया निवर्तली. तिला विष दिले गेले, अशी इव्हानची खात्री होती. पत्नी होती तोवर सुज्ञ राजा, पत्नी गेली आणि जुलमी राजा, अशी ही सुटसुटीत विभागणी करामझिनसारख्या इतिहासकाराने रूढ केली. ती नाट्यपूर्ण आहे. म्हणूनच तिच्याकडे सावधपणे पाहिले पाहिजे. १५५३ च्या आजारपणात तान्ह्या युवराजाशी निष्ठेची शपथ घेण्यास काही बोयारांनी केलेली टाळाटाळ, १५५८ पासूनचे लिव्होनियन युद्ध, १५६४ मध्ये सेनानी कुर्ब्स्कीचे शत्रुपक्षास जाऊन मिळणे ही कारणे पत्नीशोकाने झाकली जातात.

१५६५ मध्ये स्थापन झालेली ओप्रिचनिना हा शोकाचा उद्रेक नव्हता. स्वतंत्र प्रदेश, दरबार, खजिना व सैन्य असलेले ते राज्यांतर्गत राज्य होते. काळ्या वेशातील तिचे शिपाई घोड्याला कुत्र्याचे मुंडके व झाडू बांधून फिरत. १५७० च्या प्रारंभी त्यांनी नोव्हगोरोद उद्ध्वस्त केले. परंतु १५७१ मध्ये क्रिमियाच्या खानाने मॉस्को जाळले, तेव्हा हे सैन्य राजधानीचे रक्षण करू शकले नाही. पुढच्याच वर्षी ओप्रिचनिना विसर्जित झाली.

नोव्हेंबर १५८१ मध्ये इव्हानच्या हातून थोरला मुलगा मारला गेला. त्यानंतर त्याने आपल्या राजवटीत ठार झालेल्यांची यादी तयार करवून, मृतात्म्यांसाठी प्रार्थना व्हावी म्हणून ती दानासह मठांकडे पाठविली. मूळ यादी उपलब्ध नाही. उत्तरकालीन प्रतींवरून स्क्रिन्निकोव्ह यांनी तिची पुनर्रचना केली. तीत तीन हजारांहून अधिक बळींची नोंद आहे. हा पश्चात्तापाचा दस्तऐवज होय, असे सामान्यतः मानले जाते, आणि ते खरेही असेल. पण इतकी माहिती आली कोठून? ती मारेकऱ्यांच्या अहवालांतून व शासकीय कागदपत्रांतून आली. शोकाने वेडावलेला माणूस असा हिशेब ठेवत नाही. तो यंत्रणा ठेवते. नोव्हगोरोदविषयी माल्युता स्कुरातोव्हच्या अहवालातील आकडा तसाच उतरविला आहे : १४९० जणांना शस्त्राने कापले, १५ जणांना बंदुकीने मारले. त्यांची नावे दिलेली नाहीत. ती ईश्वरालाच ठाऊक आहेत, असे नमूद करून मठांना त्यांच्यासाठीही प्रार्थना करण्यास सांगण्यात आले.