चिनी मातीचे कुंचलेपात्र

'चिनी माती' म्हटले की आम्हांस लोणच्याची बरणी आठवते. केडगावच्या गृहिणीसही हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही. परंतु चीनमधील पंडिताच्या मेजावर याच मातीचे एक निराळे पात्र असे; त्यास तिकडे 'बीतोंग' म्हणतात. नळकांड्याच्या आकाराचे, वर उघडे. त्यात कुंचले उभे ठेवावयाचे, कारण चिनी लेखक शाई उगाळून कुंचल्यानेच लिही. खांगशी बादशहाच्या कारकिर्दीत (१६६१–१७२२) चिंगदेचेनच्या भट्ट्यांतून ही पात्रे निघत. पांढऱ्या अंगावर निळे डोंगर, नावेतला एकटा पंडित, क्वचित बाहेरून सबंध जुना निबंधच लिहिलेला!

खांगशी राज्य करीत असतानाच, १७०७ साली, केडगावजवळच्या भिंगारास औरंगजेबाचा अंत झाला. त्यापूर्वी येथील निजामशाहीस चौलचे बंदर होते, आणि चौलास चिनी भांड्यांचे तुकडे सापडले आहेत. म्हणजे माल येत होता. मग या पात्राची आमच्या घरांत ओळख का नसावी? आमच्या मते कारण सरळ आहे. आमचा कारकून बोरूने लिही, बैठकीवर मांडी घालून लिही, आणि कलमदान बरोबर घेऊन मुलुखभर हिंडे. उभे, जड, फुटके पात्र त्याच्या काय कामाचे? बशा आणि वाडगे मात्र कोणासही चालत.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा व सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतील चिनी कलावस्तू आहेत. त्या आणल्या संग्राहकांनी, लिहिणाऱ्यांनी नव्हे.