पोक्सोच्या आधी शाळेतल्या मुलाची तक्रार कुठे शोधायची?

समजा, तुम्ही विषय घेतलाय: भोकरदन तालुक्यातल्या शाळा आणि विद्यार्थ्यांना कर्मचाऱ्यांपासून मिळालेलं कायद्याचं संरक्षण. पहिली अडचण दप्तराची. जालना जिल्हा 1 मे 1981 रोजी झाला, त्याआधी भोकरदन औरंगाबाद जिल्ह्यात होतं. म्हणजे जुने कागद तिकडे बघावे लागतील. दुसरी अडचण मोठी आहे. शोधायचं कोणत्या नावाखाली?

‘पोक्सो’ हा शब्द 2012 आधी सापडणारच नाही. विनयभंग, बलात्कार ही कलमं भारतीय दंड संहितेत होती, पण आरोपी त्याच शाळेचा शिक्षक आहे याला त्यात वेगळं स्थान नव्हतं. ते स्थान होतं नोकरीच्या नियमांत. खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा 1977 चा, नियमावली 1981 ची. त्यात ‘नैतिक अधःपतन’ या शब्दात विद्यार्थी-विद्यार्थिनींशी केलेलं असभ्य किंवा अनैतिक वर्तन येतं. त्यासाठी नोकरी जाऊ शकते.

आता चौकशी समिती बघा. सदस्य तीन: एक संस्थेचा, एक कर्मचाऱ्याने सुचवलेला, एक पुरस्कारप्राप्त शिक्षक. मुलाच्या किंवा पालकांच्या बाजूचं कोणीच नाही. पुढे प्रकरण शाळा न्यायाधिकरणात अपिलात गेलं की बराचसा वाद एकाच गोष्टीवर: बडतर्फी नियमाप्रमाणे झाली का? त्यामुळे 2012 आधीचा शोध सेवाविषयक अपिलांतही घ्या. तिथे मूल असलंच तर साक्षीदार म्हणून असतं. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांसाठी 1964 चे शिस्त व अपील नियम वेगळे, ते विसरू नका.

फौजदारी कायदा या काळात बदलला, पण शाळेच्या दारापाशी थांबला. 1972 मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडलं. 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर आंदोलन झालं आणि 1983 मध्ये कायदा सुधारला. अधिकाराच्या जागी बसून बलात्कार करणाऱ्यांना जास्त शिक्षा ठरली. त्या यादीत पोलीस, तुरुंग, सुधारगृह, महिला-बालकांच्या निवासी संस्था, रुग्णालय आहे. शाळा नाही. माझं वाचन असं: तेव्हाचा विचार ‘ताबा’ या कल्पनेवर उभा होता. मूल संध्याकाळी घरी जातं, म्हणून ते कुणाच्या ताब्यात धरलं गेलं नाही.

पोक्सोने हे बदललं. कलम 5 आणि 9 प्रमाणे शैक्षणिक संस्थेच्या व्यवस्थापनातल्या किंवा कर्मचारीवर्गातल्या कुणीही तिथल्या बालकावर अत्याचार केला तर तो अधिक गंभीर गुन्हा. ‘कर्मचारी’ म्हणजे फक्त शिक्षक नाही, शिपाईही आला. 2013 मध्ये दंड संहितेतही ‘शिक्षक’ हा शब्द आला. आणि कलम 19 ने गप्प बसणाऱ्यालाही जबाबदार धरलं. माहिती असून न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवल्यास एक वर्षापर्यंत.

हे कागदावरच राहिलं का? राजुऱ्याच्या वसतिगृह प्रकरणात, माहिती असून न कळवल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरवरचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. 2 नोव्हेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा जिवंत केला. 2024 मध्ये बदलापूरलाही शाळेच्या विश्वस्तांवर न कळवल्याबद्दल गुन्हा नोंदला गेला.

आता तुमच्यासाठी. कलम 19 ‘कोणतीही व्यक्ती’ म्हणतं, त्यात संशोधकही येतो. मुलाखतीत एखादा प्रकार कळला तर पोलिसांना सांगावंच लागेल. म्हणून संमतीपत्रात ‘काहीही कुणाला सांगणार नाही’ असं सरसकट लिहू नका. मुलाखतीआधीच ही मर्यादा समजावून सांगा. आणि तालुक्यात गाव, शाळा, इयत्ता एवढं लिहिलं तरी मूल ओळखू येतं. कलम 23 माध्यमांना शाळेचं नावसुद्धा उघड करू देत नाही. प्रबंधाने त्याहून सैल राहू नये.

शेवटचं एक. 1981 ते 2012 या काळात भोकरदनच्या दप्तरात तक्रारी कमी सापडल्या, तर ‘प्रकार कमी होते’ असा निष्कर्ष काढू नका. आधी विचारा, मुलाने तक्रार करायची कुणाकडे होती?