मोठी डिस्क, लहान डिस्क : घरोघरच्या नकलांचा इतिहास

आरोंद्यात इतिहासावर बोलायचं म्हटलं की तेरेखोलची खाडी, पलीकडचं किरणपाणी, पोर्तुगीजांची हद्द, असे विषय समोर येतात. आज आम्ही जरा अलीकडचा विषय घेतलाय. तुमच्या कपाटात, प्लास्टिकच्या पाकिटात, वर स्केच पेनने नाव लिहिलेली एखादी डीव्हीडी असेल. तिच्यात वीस वर्षांपूर्वीचा इतिहास आहे, आणि तो हातातून निसटतोय.

सुरुवात आकड्यांपासून करू. डीव्हीडी प्रथम १९९६ मध्ये जपानात बाजारात आली. त्याआधी आपल्याकडे व्हीसीडी होतीच. तिच्यात साधारण सव्वा तास मावायचा, म्हणून एक हिंदी सिनेमा दोन-तीन चकत्यांवर यायचा. डीव्हीडीने ती अडचण दूर केली. तिच्या एका थरात ४.७ जीबी मावतात. एकाच बाजूला दोन थर दिले तर ८.५ जीबी. वरचा थर अर्धपारदर्शक असतो. लेसर आधी एक थर वाचतो, मग फोकस बदलून पाठचा वाचतो. सिनेमाच्या मधोमध चित्र क्षणभर थबकायचं, आठवतं? तिथे थर बदलत असे.

आता खरी अडचण बघा. कंपन्यांचे सिनेमे दोन थरांच्या डिस्कवर यायचे, आणि बाजारात मिळणारी कोरी डिस्क एका थराची. दोन थरांची कोरी डिस्क आली ती २००४ मध्ये, आणि तीही बराच काळ महागच राहिली. म्हणजे पायलीचं भांडं भरलेलं आणि ओतायला जेमतेम अर्ध्या पायलीचं. मूळच्या साधारण ५५ टक्केच मावणार!

यावर तीन उपाय निघाले. पहिला, एका सिनेमाच्या दोन डिस्क करायच्या. दुसरा, मेनू, मुलाखती, परभाषेतला आवाज, सबटायटल्स काढून नुसता सिनेमा ठेवायचा. तिसरा, चित्रच दाबायचं. डीव्हीडीतलं चित्र एमपेग-२ पद्धतीने आधीच आटवलेलं असतं. ‘डीव्हीडी श्रिंक’सारखे फुकट मिळणारे प्रोग्राम त्यातले बारीक तपशील आणखी काढून टाकत. पाण्याच्या लाटा, पाऊस, धूर, हलती गर्दी अशा ठिकाणी मग चौकोन दिसू लागत.

या वाटेत एक कुलूपही होतं. कंपन्यांनी सिनेमे सांकेतिक भाषेत बंद केले होते. १९९९ मध्ये ते कुलूप उघडणारा प्रोग्राम जगभर पसरला. त्यासाठी योन योहान्सेन या नॉर्वेतल्या तरुणावर खटला झाला. २००३ मध्ये तो दोनदा निर्दोष सुटला. उलट अमेरिकेत नक्कल करायचा प्रोग्राम विकणाऱ्या ‘३२१ स्टुडिओज’ला न्यायालयाने विक्री थांबवायला लावली, आणि २००४ मध्ये ती कंपनी बंद पडली. भारतात १९५७ चा कॉपीराइट कायदा होताच. कुलूप तोडण्याबद्दलचं कलम त्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलं. नक्कल करून विकणं मात्र आधीपासून गुन्हाच होता, हे विसरू नका.

आपल्याकडे हा धंदा मंदावला तो दुसऱ्याच कारणाने. कोऱ्या डिस्क बनवणारी मोसर बेअर सिनेमाच्या धंद्यात उतरली आणि व्हीसीडी २८ रुपयांना, डीव्हीडी ३४ रुपयांना विकू लागली. अस्सल इतकी स्वस्त मिळाल्यावर नक्कल कोण करणार? पुढे पेन ड्राइव्ह आले, मोबाइल आले, आणि २०१८ मध्ये तीही कंपनी अवसायनात गेली.

आता घरची गोष्ट. मुंबईच्या पाहुण्याने एका मालवणी नाटकाची डीव्हीडी आणली होती. आम्ही तिची लहान डिस्कवर नक्कल करून घेतली, मूळ डिस्क परत गेली. कलाकारांच्या गप्पा मावल्या नाहीत, त्या गाळल्या. परवा ती डिस्क लावली. पहिला अंक दिसला. शेवटच्या प्रवेशाला चित्र अडकलं ते अडकलंच. शेजारची आजी म्हणाली, “फुडचा कायच दिसना नाय.”

असं का झालं? कारखान्यातल्या डिस्कमध्ये खड्डे साच्याने उमटवलेले असतात. घरी लिहिलेल्या डिस्कमध्ये मात्र रंगाचा थर असतो, आणि लेसर त्यावर खुणा करतो. ऊन, उष्णता, दमट हवा यांनी तो रंग बिघडतो, आणि आपल्याकडे चार महिने पाऊस! त्यातून लिखाण आतून बाहेरच्या कडेकडे जातं. हाताळणीचा मार कडेला जास्त, म्हणून शेवटचा प्रवेश आधी गेला. टिकाऊ मूळ डिस्क परत गेली आणि नाजूक नक्कल आमच्याकडे राहिली.

सिनेमा पुन्हा मिळेल हो. पण लग्नाचं चित्रीकरण, जत्रेतला दहीकाला, दशावतारातला एखादा शंकासूर, जो कलाकार आता हयात नाही, त्याची दुसरी प्रत कुठे आहे? कंपनी ती विकत नाही. ती तुमच्याच कपाटात आहे.

म्हणून आज घरी गेल्यावर त्या डिस्क बाहेर काढा. मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवू नका. जुना डीव्हीडी ड्राइव्ह कुणाकडे आहे ते विचारा आणि सगळं हार्ड डिस्कवर उतरवा. जसंच्या तसं उतरवा, दाबू नका, काही गाळू नका. आता जागेची टंचाई नाही. दोन प्रती करा, एक दुसऱ्या घरात ठेवा. आणि कोण नाचलं, कुठल्या गावी, कुठल्या साली, हे कागदावर लिहा. ते सांगणारी माणसं अजून आहेत, तोवर विचारून घ्या.